पानाची मागची बाजू

दातिवऱ्याला द्राक्षाची बाग कोणी लावत नाही आणि लावूही नये. वैतरणेच्या मुखाशी, समोर अर्नाळा ठेवून बसलेल्या या गावात भात आहे, नारळ आहे, भाजीपाला आहे, होड्या आहेत. जवळच्या केळवे-माहीमच्या वाड्यांत पानवेल आहे, वर डहाणू-घोलवडला चिकू आहे. द्राक्ष नाशिकचे, तासगावचे, नारायणगावचे. तरीही विहिरीच्या काठाला, पडवीपुढच्या मांडवावर, बोईसर-तारापूरच्या वसाहतींत गच्चीवरच्या पिंपात एखादी द्राक्षवेल दिसतेच. घाटावरच्या कोणा नातेवाइकाने छाटणीच्या वेळी दिलेली काडी कोणी हौसेने खोचलेली असते आणि ती जगलेली असते. जगते ती जोमानेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-चार आंबटगोड घड देते, उन्हाळ्यात मांडवाखाली गार सावली देते, आणि मग जून लागला की तिची पाने बिघडायला सुरुवात होते.

ही पुस्तिका त्या बिघडलेल्या पानांविषयी आहे. फळाविषयी तिच्यात फारसे काही सापडणार नाही. किनाऱ्यावरच्या परसात द्राक्षवेलीचे खरे पीक सावली हेच आहे, आणि सावली पानांची असते. पाने टिकली तर काडी पक्व होते, काडी पक्व झाली तर पुढच्या हंगामात घड लागतात. पाने गेली तर वेल जिवंत राहते, पण वर्षानुवर्षे नुसती फूट काढत राहते, आणि मालक म्हणतो की आमच्याकडची माती द्राक्षाला मानवत नाही. मातीचा दोष क्वचित असतो. पान बिघडले तेव्हा काय बिघडले हे न पाहता काहीतरी फवारले, हे कारण त्याहून अधिक वेळा असते.

द्राक्षावर मराठीत लिखाण कमी नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ त्याहून जुना आहे, आणि दोघांनी मिळून शेतकऱ्याच्या हाती जेवढी माहिती दिली तेवढी फार थोड्या फळपिकांच्या वाट्याला आली असेल. पण ती सगळी एकराच्या हिशेबाने आहे आणि घाटावरच्या हवेसाठी आहे. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचे माप अंगणातल्या एका वेलीला लावता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की तिकडचे वेळापत्रक इकडच्या जुलैला लागूच पडत नाही.

याचे कारण वेलीच्या स्वभावात आहे. द्राक्ष मूळचे कोरड्या उन्हाळ्याच्या आणि कडक हिवाळ्याच्या मुलखातले. थंडीत ते पाने गाळून निजते, वसंतात जागे होते. दख्खनमध्ये तेवढी थंडी नाही, म्हणून वेल निजत नाही. तिला वर्षातून दोनदा कात्री लावून जागे झाल्याचा भास द्यावा लागतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे लिहून ठेवले, ते याच निद्रानाशामुळे. आता ही वेल घाट उतरवून दातिवऱ्याला आणा. पालघरच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तासगावला त्याचा एक-तृतीयांश भरणेही मुश्कील. इथे वेलीला झोप नाहीच, वर चार महिने अंग कोरडे करायलाही सवड नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर आलेली फूट जूनमध्ये भरात असते आणि नेमका तेव्हा पाऊस सुरू होतो. पानावर सलग कित्येक तास पाणी राहणे ही बुरशीची पहिली गरज. ती इथे आभाळच भागवते.

याच कुळातल्या कांडवेलीला आपल्या कुंपणांवर काही होत नाही, रानद्राक्ष तर डोंगरात पावसावरच फोफावते. त्यांची पाने या हवेत घडलेली आहेत, आपल्या मांडवावरच्या थॉमसन जातीच्या वेलीची नाहीत. तिच्याकडून रानवेलीच्या काटकपणाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

पान बघायचे म्हणजे काय बघायचे? सर्वांत आधी ते उलटायचे. द्राक्षाच्या पानाची श्वासाची छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, जवळजवळ सगळी खालच्या बाजूला असतात. रोगाचा शिरकाव बहुधा तिथून होतो, कीडही तिथेच बसते, आणि आपण मात्र वरून पिवळा डाग बघून दुकान गाठतो. दुसरे, बिघाड जुन्या पानांत आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांत, हे पाहायचे. तिसरे, डाग कडेला आहे, शिरांच्या मध्ये आहे की कुठेही विखुरलेला. चौथे, वेलीची एकच बाजू बिघडली आहे की सगळी वेल. एवढे चार प्रश्न विचारले की निम्म्याहून अधिक शंका जागच्या जागी मिटतात, आणि त्यासाठी भिंगसुद्धा लागत नाही. भिंग असेल तर उत्तम. शाळकरी मुलांच्या कंपासाबरोबर मिळते तेही चालते.

आता मुख्य शत्रू. घाटावरचे बागायतदार त्याला डाऊनी म्हणतात किंवा केवडा म्हणतात. पानाच्या वरच्या बाजूला नाण्याएवढा तेलकट पिवळट डाग दिसतो, उजेडाकडे धरले तर अर्धपारदर्शक वाटतो. उलटे केले की त्याच डागाच्या बरोबर मागे पांढरी लव. ती लव दमट रात्रीनंतर सकाळी दिसते, उन्हात वाळून जाते, म्हणून दुपारी पान बघणाऱ्याला ती सापडत नाही. शंका असेल तर पान संध्याकाळी ओल्या कागदावर उलटे ठेवून डब्यात झाकून ठेवावे. सकाळी डागामागे पांढरे उगवले असेल तर केवडाच. ही परीक्षा फुकट आहे आणि सहसा फसवत नाही. पुढे डाग तपकिरी होतो, पान वाळून गळते. जुन्या पानांवर मात्र मोठा डाग न पडता शिरांनी आखलेले बारीक कोनाकार ठिपके पडतात आणि तिथे माणूस हमखास गोंधळतो.

केवडा मूळचा अमेरिकेतला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये सापडला आणि तिथल्या बागांची दाणादाण उडाली. त्यावरचा उपाय सापडला त्याची कथा सर्वांना माहीत असली तरी सांगण्याजोगी आहे. बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून बागवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडत; निळसर पांढरी पाने बघून कोणी हात लावत नसे. १८८२ मध्ये अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रोगाने बाकीची बाग झडली, पण या निळ्या ओळींची पाने शाबूत आहेत. तीन वर्षे प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे ठेवले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, नवी औषधे आली, काही निकामी झाली, बोर्डो मिश्रण अजून उभे आहे.

आपल्या किनाऱ्याला ते नवीन नाही. पानमळ्यात वेलीची मुळे आणि पाने कुजवणारा जो रोग येतो, सुपारीला पावसात जो कोळेरोग लागतो, त्यांच्यामागे फायटोफ्थोरा नावाचा जीव असतो. द्राक्षाचा केवडा त्याचाच भाऊबंद आहे. दोघेही नेहमीच्या बुरशींपेक्षा वेगळ्या, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणाऱ्या गटातले. म्हणून दोघांनाही साचलेला ओलावा हवा असतो आणि दोघांनाही तांबे सोसत नाही. पानमळा राखणाऱ्या घरात मोरचूद-चुन्याची बादली पिढ्यान् पिढ्या आहे. त्या घराला द्राक्षाच्या केवड्याची ओळख करून द्यायला वेळ लागत नाही.

अंगणातल्या वेलीसाठी प्रमाण साधे आहे: एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. कोवळ्या फुटीवर दोन्ही निम्मे घ्यावे. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना अर्ध्या पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, वेगवेगळे. पत्र्याची बादली नको. मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचे पाणी हळूहळू ओतत ढवळायचे. तयार मिश्रणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालायचा, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. फवारा खालून वर, पानाच्या मागच्या बाजूवर बसला पाहिजे. वरून शिंपडलेले औषध मांडवाच्या वरच्या पानांचे समाधान करते, रोगाचे काही बिघडवत नाही. आणि बोर्डो हे आधी घालायचे चिलखत आहे. डाग पडल्यावर ते त्या पानाला वाचवत नाही, शेजारच्या पानाला वाचवते. पहिली फवारणी जून लागण्याआधी झाली पाहिजे, पुढच्या पावसाची उघडीप बघून, पान कोरडे असताना.

दुकानदार मेटॅलॅक्झिलसारखे आंतरप्रवाही औषध सुचवेल. ते वाईट नाही. पण तेच तेच वापरले की केवडा त्याला सरावतो. जगभरच्या द्राक्षबागांनी हे अनुभवले आहे. एका हंगामात एकदा-दोनदा, तेही मँकोझेबसारख्या स्पर्शजन्य औषधाच्या जोडीने आलेले, लेबलवरचे प्रमाण आणि फवारणी ते काढणी यांतले अंतर पाळून. परसात मुले खेळतात, खाली तुळस असते, विहीर उघडी असते. बागायतदाराला चालेल ते सगळे इथे चालत नाही.

समुद्राची हवा घाटावर चढली तर काय होते, हे २००९ च्या नोव्हेंबरात दिसले. फयान वादळ ११ नोव्हेंबरला मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागले. आपल्याकडे लोक होड्यांच्या काळजीत होते. घाटावर त्या सुमाराच्या अवकाळी पावसाने ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर केवडा असा उतरला की घड जागीच जिरले आणि कुजले. तिकडे ते संकट म्हणून येते. आपल्याकडे ते दरवर्षीचे वेळापत्रक आहे.

भुरी या दुसऱ्या रोगाचे तंत्र उलटे. तिला साचलेले पाणी नको असते, पाऊस तिला धुऊन टाकतो. दमट पण बिनपावसाची हवा तिला आवडते. म्हणून ती पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दाट मांडवाच्या आतल्या सावलीत येते. राखेसारखी पांढरी भुकटी पानाच्या वरच्या बाजूलाही दिसते आणि बोटाने पुसली जाते. केवड्याची लव खालीच असते आणि अशी सहज पुसली जात नाही. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. औषध गंधक. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात. पारा ३५ च्या पुढे जाणार असेल त्या दिवशी गंधक मारू नये, पान भाजते. कडुनिंबाचे तेल मारले असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्यावेत. खाण्याचा सोडा फवारण्याचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. भुरी त्याने काहीशी आटोक्यात येते हे खरे, पण सोडा म्हणजे सोडियम, आणि आपल्या मातीत तो आधीच जास्त आहे. त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट मिळाले तर घ्यावे; नाहीतर गंधक बरे.

करप्याचे ठिपके लहान, गोल, कडेने गडद आणि मध्ये राखाडी. मधला भाग गळून पान चाळणी होते आणि कोवळ्या काडीवर काळे खोलगट व्रण पडतात. तो पावसातलाच. रोगट काड्या कापून जाळणे हा त्याचा अर्धा उपचार आहे. जिवाणूजन्य करपा १९७२ मध्ये जगात प्रथम भारतातूनच नोंदला गेला. बारीक, कोनाकार, आधी पाणी भरल्यासारखे आणि मग काळपट होणारे ठिपके. त्याला बुरशीनाशके लागू पडत नाहीत. तांबेच थोडेफार आवर घालते. तांबेरा पावसाच्या शेवटी जुन्या पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पुडीच्या रूपाने येतो. बोट लावले की पिवळे होते. दिसायला भयंकर, पण तोवर त्या पानांचे काम बहुतेक झालेले असते. ऑक्टोबरात छाटणी करणारच असाल तर तांबेऱ्यासाठी वेगळा खर्च करू नका, पडलेली पाने मात्र गोळा करा.

इथवर जे आले ते कुठल्याही द्राक्षाच्या पुस्तकात सापडेल. पुढचे सापडेल असे नाही, आणि ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती त्यासाठी.

आपल्याकडचे कितीतरी पानांचे आजार हे आजारच नसतात, ते मीठ असते. एप्रिल-मे मध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. माणसे पिण्याचे पाणी दुसरीकडून आणतात आणि वेलीला मात्र तेच घालतात. जुन्या पानांच्या कडा टोकाकडून आत तपकिरी व्हायला लागतात. जळलेला आणि हिरवा भाग यांच्यामध्ये स्पष्ट रेघ असते. मागे लव नाही, पुडी नाही, कीड नाही. सगळ्या वेलीची जुनी पाने अशी असतील तर मीठ मुळातून आले. फक्त समुद्राकडच्या बाजूची पाने भाजली असतील तर ते खाऱ्या वाऱ्याने आले. दोन्हींत बुरशीनाशकाचा उपयोग शून्य. पहिल्या बाबतीत आळ्यात भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घालून पाणी कमी पण खोल द्यावे, पानांवर मचूळ पाणी उडवू नये, आणि पावसाळ्यात आळ्यातले पाणी तुंबू न देता वाहू द्यावे म्हणजे मीठ धुऊन निघते. दुसऱ्या बाबतीत वादळी वाऱ्यानंतर गोड्या पाण्याने पाने धुणे आणि पश्चिमेला आडोसा.

इथे एक सापळा आहे. पालाश कमी पडला तरी पानांच्या कडा अशाच करपतात. कोणीतरी म्हणते पोटॅश घाला, आणि बाजारात सर्वांत स्वस्त पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश. त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे क्लोराइड असते. मिठाने भाजलेल्या वेलीला आणखी क्लोराइड मिळते, पाने आणखी जळतात, आणि पोटॅश कमी पडले असे समजून मात्रा वाढवली जाते. पालाशच द्यायचा तर सल्फेट ऑफ पोटॅश द्यावा. महाग आहे, पण एका वेलीला लागतो किती? याच ओघात सांगायचे तर, नारळाच्या आळ्यात मीठ आणि मासळीचे खत घालण्याची आपल्याकडची जुनी रीत नारळापुरतीच ठेवावी. नारळ समुद्राचा शेजारी आहे. खारवलेल्या मासळीचा कुटा द्राक्षाच्या मुळाशी पडला की दोन महिन्यांत पाने सांगतात.

घाटावर पाणी खारे झाले तेव्हा बागायतदारांनी डॉगरिज या अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर कलमे बांधायला सुरुवात केली. ती मुळे क्षार आणि ताण दोन्ही सोसतात. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक नव्या बागा खुंटावर आहेत. परसातली वेल मात्र बहुधा नुसत्या काडीची, स्वमुळावरची असते. नवीन लावणार असाल तर खुंटावरचे कलम मागून घ्या.

दुसरी स्थानिक गोष्ट भाताची. द्राक्षाइतके २,४-डी या तणनाशकाला घाबरणारे झाड क्वचित असेल. शेजारच्या शेतात किंवा बांधावर तण मारायला ते फवारले, वारा आपल्या बाजूचा असला, तर आठवड्याभरात वेलीची नवी पाने पंख्यासारखी आखडून येतात, शिरा एकमेकींजवळ, कडा टोकदार दातेरी. जुनी पाने ठीक, फक्त नवी वाकडी, हीच ओळख. लोक त्याला विषाणू समजून वेल उपटतात. उपटू नका. औषध नाही, पण मात्रा थोडी असेल तर पुढची फूट सरळ येते. भांडण करायचे तर शेजाऱ्याशी करा, आणि त्याआधी स्वतःचा पंप तपासा: ज्या पंपाने भातातले तण मारले त्याच पंपाने वेलीवर औषध मारले, हे कारण अधिक वेळा निघते. तो पंप कितीही धुतला तरी द्राक्षासाठी वापरू नये.

बाकी भूक. रेताड जमीन आणि एवढा पाऊस म्हटल्यावर मॅग्नेशियम वाहून जाते. जुन्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, दोन फवारण्या. हेच चित्र शेंड्याच्या नव्या पानांत दिसले तर लोह कमी आहे; शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या वाळूत ते होते. तिथे फेरस सल्फेट चिमूटभर सायट्रिक ॲसिडबरोबर, आणि आळ्यात भरपूर शेणखत. युरिया मात्र हात राखून. युरियाने पान मोठे, मऊ, रसाळ होते, आणि असे पान केवड्याला सर्वांत आधी लागते.

किडींवर पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. पानावर पांढुरके बारीक ठिपके आणि मागे तिरके पळणारे हिरवे किडे म्हणजे तुडतुडे. पान चंदेरी होऊन वाटीसारखे वळले तर फुलकिडे. कोरड्या उन्हाळ्यात पाने तांबूस आणि मागे बारीक जाळी, तर लाल कोळी. पाइपच्या जोरदार पाण्याने पानांची मागची बाजू धुतली तरी ते निम्मे होतात, पाणी अर्थातच गोडे. छाटणीनंतर फुटू पाहणारे डोळे कोणी कुरतडले असतील आणि पुढे पानांना लांबट भोके पडली असतील तर उडद्या भुंगेरा. खोडाची सुटी साल खरवडून काढा, सकाळी वेलीखाली चादर पसरून मांडव हलवा आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. पहिल्या पावसानंतर एका रात्रीत पाने खाल्ली गेली तर हुमणीचे भुंगेरे. रात्री विजेरी घेऊन वेचायचे. शेपटाशी शिंग असलेली जाड अळी दिसली तर औषध कशाला, हाताने काढा. ती चावत नाही. पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग दिसली तर काजळीला औषध मारू नका. वर मिलीबग शोधा. या एका मांडवाला कीटकनाशकाची गरज वर्षातून क्वचितच पडावी.

आता माझे मत, ज्याच्याशी काही जाणकार सहमत होणार नाहीत. किनाऱ्यावर द्राक्षाच्या पानाचे पहिले औषध कात्री आहे, पंप दुसऱ्या क्रमांकावर. घाटावर एप्रिलमध्ये खरड छाटणी करून मिळालेली फूट जूनपर्यंत बऱ्यापैकी पिकते. इथे ती छाटणी मार्चच्या अखेरीसच उरकावी, म्हणजे पाऊस येईतो पाने जून होतात. केवडा आणि करपा दोघांनाही कोवळे पान अधिक रुचते. मे संपताना मांडव विरळ करायचा. खाली उभे राहून वर पाहिले तर पानांतून आभाळाचे तुकडे दिसले पाहिजेत. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत एकही पान ठेवायचे नाही, कारण पावसाचा थेंब मातीतला रोग उडवून नेमका तिथे पोचवतो. पावसाळ्यात बगलफुटी काढत राहायच्या. गोडी छाटणी परतीचा पाऊस गेल्याची खात्री झाल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी. पंधरा दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. आपल्याला कुठे निर्यात करायची आहे! सावली कमी होते म्हणून घरातली मंडळी कुरकुर करतील. पण दाट मांडवाची सावली ऑगस्टपर्यंतच टिकते. विरळ मांडवाची वर्षभर.

आणि वाण. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद ही सगळी कोरड्या हवेची लाडकी लेकरे आहेत. परसासाठी अमेरिकी रक्त मिसळलेले वाण काटक पडतात. बेंगलोर ब्लू त्यातला जुना. साल जाड, बिया मोठ्या, वास उग्र, पण पाने टिकतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा वाण काढला आहे. तो रसासाठी आहे, लवकर तयार होतो, आणि केवडा-करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. माझ्या मते दातिवऱ्याच्या अंगणाला तो थॉमसनपेक्षा शंभर पटींनी योग्य आहे. ज्यांना बिनबियांची गोड द्राक्षेच हवी आहेत त्यांनी ती बाजारातून आणावीत. पालघरच्या मंडईत ती फेब्रुवारीत वेलीवरच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळतात.

पुस्तिकेतली चित्रे पानाची वरची आणि मागची बाजू अशी जोडीने दिली आहेत, ती जोडीनेच बघावीत. तरीही उलगडा झाला नाही तर पान घेऊन डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात जावे. नेताना एक जुने, एक मधले आणि एक शेंड्याचे अशी पाने न्या, शक्य तर काडीसकट. सकाळी तोडा. प्लॅस्टिकच्या ओल्या पिशवीत कोंबू नका, वाटेतच कुजतात आणि मग कुजण्याचेच निदान होते. वर्तमानपत्रात सपाट ठेवून न्या. वेलीला कुठल्या विहिरीचे पाणी घालता आणि समुद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगा. आणि नेण्याआधी तुम्ही काय काय फवारले आहे, ते कितीही संकोच वाटला तरी सगळे सांगा.